कमावलं तर पगार बंद : एका अटीचा चारशे वर्षांचा प्रवास

(पोस्ट लांब आहे, पण घरात किंवा शेजारी कोणी दिव्यांग असेल तर शेवटपर्यंत वाचा. चहा घेऊन बसा.)

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना दीड हजारावरून अडीच हजार करायचा निर्णय घेतला. बातमी सगळ्यांनी छापली, आम्हीही छापली. नंतर जे फोन आले त्यातले निम्मे "पैसे कधी जमा होणार" असे होते. उरलेले निम्मे वेगळेच. "भाऊ, मी पिठाची गिरणी चालवतो, मला वाढीव मिळतील का?" "बायकोला अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेतायत, माझा पगार कटंल का?" "पोरीला मेडिकलवर काम मिळतंय. पाठवू का नको?"

आमच्याकडे निराधारच्या अनुदानाला 'पगार' म्हणतात. म्हातारी माणसं अजून 'डोल' म्हणतात. या दोन शब्दांतच सगळा घोळ आहे. पगार म्हणजे कामाचा मोबदला. हा पगार मात्र काम नाही म्हणून मिळतो आणि काम लागलं की जातो. त्या पोरीच्या बापाचा प्रश्न तर माझ्या डोक्यातून जाईना. बारावी झालेली, एक पाय पोलिओने गेलेली मुलगी. तिने काउंटरवर उभं राहून चार पैसे मिळवावेत का घरी बसावं, हे ठरवताना बाप उत्पन्नाच्या दाखल्याचा विचार करतोय. ही अट कोणी घातली, कधी घातली आणि का घातली, ते शोधायला बसलो. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी आजचा नियम. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा नंतर ५०,००० केली. लक्षात घ्या, हे एकट्या माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. ५०,००० ला बाराने भागा, महिन्याला ४,१६६ रुपये होतात. दिवसाला १३७. आता २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीवर महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. एका घराने रोहयोचे पूर्ण १०० दिवस भरले तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामावर, सरकारनेच ठरवलेल्या दराने, सरकारनेच हमी दिलेले दिवस भरले, तर ते घर २१,००० च्या मर्यादेतून बाहेर. दिव्यांगाच्या घरात याशिवाय आणखी कोणी साठ-पासष्ट दिवस त्याच दराने शेतमजुरी केली, की ५०,००० ची रेषाही ओलांडली.

ही अट अशी का झाली हे समजायला थोडं मागे जावं लागतं. बरंच मागे.

काम करू शकणारे आणि न करू शकणारे

१६०१ साली इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या काळात गरिबांचा कायदा झाला. त्यात गरिबांची वाटणी केली. एका बाजूला धडधाकट गरीब, त्यांना कामाला लावायचं. दुसऱ्या बाजूला लंगडे, पांगळे, आंधळे, म्हातारे, म्हणजे काम करू न शकणारे, त्यांना गावाने पोसायचं. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती, कारण गरिबाला पोसणं ही मर्जीची भीक न राहता कायद्याची जबाबदारी झाली. पण त्याचबरोबर एक भिंतही उभी राहिली. माणूस भिंतीच्या एक तर या बाजूला, नाही तर त्या बाजूला. अर्धं काम करू शकणारा, चार दिवस बरा आणि चार दिवस आजारी असणारा, बसून काम जमेल पण उभं राहून जमणार नाही असा, हा माणूस कुठल्या बाजूचा? कायद्याने विचारलंच नाही.

१८३४ साली त्याच देशात हा कायदा आणखी कडक केला. नवं तत्त्व असं की मदत घेणाऱ्याची स्थिती सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईटच राहिली पाहिजे, नाही तर लोक काम सोडून मदतीवर येऊन बसतील. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपल्या पारावरही रोज ऐकू येतं. "फुकट मिळालं की माणसं आळशी होतात." त्या वाक्याला आता दोनशे वर्षं होत आली.

हीच भिंत इंग्रज बोटीत घालून आपल्याकडे घेऊन आले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनने भोगला. त्यानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून पुढे प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम, ज्याला फॅमिन कोड म्हणतात ते, तयार झाले. रचना तीच. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने दुष्काळी कामावर जायचं, खडी फोडायची, तलावाची माती वाहायची, आणि मजुरी घ्यायची. ज्याला ते जमत नाही त्याला फुकट मदत, म्हणजे इंग्रजीत 'डोल'. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेला 'डोल' हा शब्द मुळात हाच. कोड गेला, कलेक्टर साहेबाची टोपी गेली, शब्द राहिला. आणि शब्दाबरोबर भिंतही राहिली.

महाराष्ट्राने काय केलं

१९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीच्या अंगावर आहे. सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून गावोगाव भेटतात. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी कायम घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. देशात त्याआधी असं कुठे नव्हतं. पण काम म्हणजे अंगमेहनतीचं काम. कुदळ, फावडं, पाटी.

मग ज्याच्या हातात कुदळ बसत नाही त्याचं काय? १९८० साली बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. त्याच सुमाराला संजय गांधी स्वावलंबन योजनाही आली. ती होती छोट्या धंद्याला कर्ज द्यायची. नावं नीट वाचा. एक निराधारासाठी, एक स्वावलंबनासाठी. दोन्ही योजना चांगल्या हेतूने आल्या यात मला शंका नाही. निराधार योजनेने या राज्यातल्या कितीतरी विधवा, म्हाताऱ्या, दिव्यांगांच्या चुली पेटत्या ठेवल्या. ती नसती तर काय झालं असतं हे कुठल्याही गावात जाऊन विचारा.

पण इथे तीच जुनी भिंत पुन्हा उभी राहिली. काम करू शकतो त्याला रोहयो, करू शकत नाही त्याला निराधार. धंदा करतो तो स्वावलंबी, मदत घेतो तो निराधार. एकच माणूस थोडा स्वावलंबी आणि थोडा निराधार असू शकतो, ही शक्यता ना कागदावर आली, ना दाखल्यावर. खरं तर दिव्यांग माणूस बहुतेक वेळा नेमका असाच असतो. टाचा मारतो, पण कापडाचा गठ्ठा आणायला रिक्षा करावी लागते. मोबाईल दुरुस्त करतो, पण पावसाळ्यात तीनचाकी चिखलात रुतते म्हणून महिन्यातले दहा दिवस दुकान बंद. कमाई आहे, पण ती पुरत नाही आणि तिचा भरवसा नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. देशातल्या दिव्यांगांपैकी ३६ टक्के काम करणारे होते. पुरुषांत ४७ टक्के, बायकांत २३. म्हणजे 'दिव्यांग म्हणजे काम न करणारा' हे समीकरण सरकारच्याच आकड्यांनी खोटं ठरवलेलं आहे. तीनातला एक जण तेव्हाच काम करत होता.

तिकडे अमेरिकेत काय झालं

आता थोडं समुद्रापार जाऊ. कारण हाच पेच त्यांच्याकडेही आला, आणि त्यावर त्यांनी काही उपाय करून पाहिले. काही जमले, काही नाही.

अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा मोठा कायदा १९३५ साली झाला. त्यात दिव्यांगांसाठी विम्याची पेन्शन नव्हती. ती आली १९५६ मध्ये, आयसेनहॉवर अध्यक्ष असताना. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. सिनेटमध्ये ही तरतूद ४७ विरुद्ध ४५ मतांनी निघाली. दोन मतांचा फरक. सुरुवातीला फक्त ५० वर्षांपुढच्यांना. पन्नाशीच्या आतला माणूस पेन्शन घेऊन घरी बसेल ही भीती. आणि व्याख्या अशी की कुठलंही भरीव कमाईचं काम जो करू शकत नाही तोच दिव्यांग. म्हणजे व्याख्येतच भिंत. काम केलंस की तू दिव्यांगच नाहीस.

पण चारच वर्षांत, १९६० मध्ये, त्यांनी दोन बदल केले. वयाची अट काढली आणि 'काम करून बघण्याची मुदत' दिली. नऊ महिने काम करून बघा, पेन्शन चालू राहील. जमलं तर पुढचं पुढे, नाही जमलं तर पेन्शन आहेच. एवढी साधी गोष्ट. आपल्याकडे निराधारच्या नियमात अशी मुदत असती तर त्या मेडिकलवाल्या मुलीच्या बापाला मला फोन करावाच लागला नसता.

१९७२ मध्ये गरीब वृद्ध, अंध आणि दिव्यांगांसाठी वेगळी मदत मंजूर झाली, ती १९७४ पासून सुरू झाली. आपल्या निराधारची ही सख्खी बहीण म्हणा, कारण तीही उत्पन्न बघून मिळते. तिच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कमाईतले पहिले काही डॉलर मोजायचेच नाहीत, आणि त्यापुढे कमावलेल्या दर दोन डॉलरमागे मदत एक डॉलरने कमी करायची. म्हणजे मदत एका फटक्यात तुटत नाही, हळूहळू उतरत जाते. काम केलं तर हातात काहीतरी जास्तच पडतं.

पण तिथल्या व्यवस्थेला डोक्यावर घेऊन नाचण्याचंही कारण नाही. न मोजण्याची ती रक्कम, साधारण २० डॉलर आणि कमाईसाठी आणखी ६५ डॉलर, १९७४ ला होती तेवढीच आज आहे. पन्नास वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, आकडा हलला नाही. बँकेत आणि इतर मिळकतीत मिळून एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असली की मदत बंद. हा आकडा १९८९ पासून तसाच आहे. नवरा-बायको दोघे असतील तर ३,०००. म्हणजे लग्न केलं तर नुकसान. आपल्याकडेही कुटुंबाचं उत्पन्न मोजतात म्हणून दिव्यांग मुलीचं लग्न झालं की तिचा पगार नवऱ्याच्या कमाईवर टांगला जातो. भूगोल वेगळा, गाठ तीच.

ज्या माणसाने स्वतःचं पुस्तक जाळलं

या सगळ्या इतिहासातला एक प्रसंग मला सगळ्यात जास्त लागला. पॉल लाँगमोर नावाचे इतिहासकार होते. सातव्या वर्षी, १९५३ मध्ये, पोलिओ झाला. हात कामाचे राहिले नाहीत. श्वासासाठी यंत्र लागायचं. तोंडात पेन धरून त्याने टंकलेखन यंत्राची एकेक कळ दाबत त्यांनी लिखाण केलं. १९८४ मध्ये पीएच. डी. झाली. मग जॉर्ज वॉशिंग्टनवरचं त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापलं. दहा वर्षांची मेहनत.

आपल्याकडे एखाद्याचं पुस्तक निघालं की पेढे वाटतात. लाँगमोर यांना मात्र पुस्तकाने संकटात टाकलं. श्वासाचं यंत्र आणि मदतनीस यांचा खर्च सरकारी योजनेतून भागत होता. तो खर्च नव्याने लागलेल्या प्राध्यापकाच्या पगारातून भागण्यासारखा नव्हता. आणि नियम असा होता की पुस्तकाचं मानधन म्हणजे रॉयल्टी ही कष्टाची कमाई धरली जात नव्हती, ती बसून मिळालेलं उत्पन्न धरली जायची. तोवर काम करणाऱ्या दिव्यांगांना थोडी सूट देणारे नियम आले होते, पण ते फक्त कष्टाच्या कमाईला. दहा वर्षं तोंडात पेन धरून केलेलं काम सरकारी वहीत काम ठरत नव्हतं. थोडीशी रॉयल्टी घेतली तर श्वासाचं यंत्र धोक्यात.

ऑक्टोबर १९८८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सरकारी इमारतीसमोर, साथीदारांच्या उपस्थितीत, लाँगमोर यांनी आपल्या पुस्तकाची प्रत जाळली. लेखकाने स्वतःचं पुस्तक जाळणं म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला विचारा. त्याचा परिणाम झाला. पुढे दोनेक वर्षांत नियम बदलला आणि रॉयल्टी, व्याख्यानाचं मानधन ही कष्टाची कमाई धरली जाऊ लागली. तिथे लोक त्या बदलाला लाँगमोर यांच्याच नावाने ओळखतात. १९९२ पासून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या राज्य विद्यापीठात शिकवलं. २०१० मध्ये ते गेले.

१९९९ मध्ये अमेरिकेने आणखी एक कायदा केला. कामामुळे पेन्शन बंद झाली आणि पुढे पाच वर्षांच्या आत त्याच दुखण्यामुळे काम सुटलं, तर पहिल्यापासून सगळी फाईल न करता पेन्शन लवकर पुन्हा सुरू करून घेता येते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आपला कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सरकारी मदत या गोष्टी एकाच वाक्यात आहेत. घटना लिहिणाऱ्यांनी काम आणि मदत यांच्यात 'किंवा' असं लिहिलेलं नाही. १९७७ मध्ये केंद्राच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण आलं. १९९५ चा कायदा झाला, त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आणि ४ टक्के आरक्षण. म्हणजे एका हाताने सरकार म्हणतं, नोकरी करा, जागा राखून ठेवलीय.

त्याच २०१६ च्या कायद्याचं २४ वं कलम सामाजिक सुरक्षेचं आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, दिव्यांगांची मदत ही तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. २०२३ मध्ये निराधारचे दीड हजार झाले तेव्हा दिव्यांग आणि बिगरदिव्यांग दोघांना सारखेच होते. दीड हजाराच्या २५ टक्के जास्त म्हणजे १,८७५. आत्ताच्या अडीच हजाराने ती अट पाळली गेली, आणि त्यासाठी रस्त्यावर बसलेल्या, उपोषणं केलेल्या सगळ्यांना श्रेय दिलं पाहिजे. दुसरी गोष्ट, दिव्यांग पेन्शनला सरकार ठरवेल ती उत्पन्न मर्यादा. म्हणजे मर्यादा किती ठेवायची हे कायद्याने बांधलेलं नाही. ५०,००० हा आकडा दगडावर कोरलेला नाही. तो सरकारी निर्णयाने आला, सरकारी निर्णयाने बदलू शकतो.

आता खरी गंमत ऐका. आयकर कायद्यात दिव्यांगांसाठी वजावटीची तरतूद आहे. जुन्या करपद्धतीत त्याखाली ४० टक्क्यांपुढे दिव्यांगत्व असलेल्या माणसाला ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांपुढे असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. खर्चाच्या पावत्याही लागत नाहीत. का? कारण कमावणाऱ्या दिव्यांगालाही वेगळा खर्च असतोच, हे आयकर कायद्याला मान्य आहे. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते तेव्हा कंडक्टर उत्पन्नाचा दाखला मागत नाही. मग हीच समज तहसील कचेरीच्या टेबलावर येईपर्यंत कुठे हरवते? लाखांनी कमावणाऱ्याला दिव्यांगत्वाच्या खर्चासाठी ७५,००० ची सूट आणि वर्षाला एक्कावन्न हजार मिळवणाऱ्या घराची अख्खी मदत बंद. हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

हिशेबच करू. अडीच हजाराने वर्षाचे ३०,००० होतात. घराची कमाई ४९,००० असेल तर एकूण हातात ७९,०००. तेच घर जास्त राबलं आणि कमाई ५१,००० झाली तर हातात ५१,०००. दोन हजार जास्त कमावल्याची शिक्षा अठ्ठावीस हजार. सांगा, शहाणा माणूस काय करेल?

तो काय करतो

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या कचेऱ्यांत फिरतोय. शहाणा माणूस काय करतो ते मी पाहिलेलं आहे. तो एक तर काम करत नाही, नाही तर काम लपवतो. दुकान भावाच्या नावावर, गिरणीचं मीटर बापाच्या नावावर. यात पैसा वाचतो, पण माणूस अडकतो. झेरॉक्सचं दुकान स्वतःच्या हिमतीने उभं करणाऱ्याला ते स्वतःचं म्हणता येत नाही. दिव्यांग महामंडळाकडे किंवा बँकेत कर्जाला गेला तर धंद्याचा कागद मागतात, आणि निराधारच्या फाईलला धंदा नसल्याचा. भावाशी उद्या बिनसलं तर दुकानही गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गावातल्या कोणाही टग्याच्या हातात त्याची शेंडी राहते. निवडणुकीच्या आधी "तुझी तक्रार करू का" एवढं म्हटलं की पुरतं. एका अटीमुळे प्रामाणिक कष्टकरी माणूस चोरासारखा वागायला लागतो आणि बिनकामाची माणसं त्याच्यावर हुकूम चालवतात.

इथे काही जण म्हणतील, बोगस प्रमाणपत्रांचं काय? बरोबर आहे, बोगस लोक आहेत आणि त्यांना पकडलंच पाहिजे. पण ज्याचं अपंगत्व खोटं आहे तो आणि ज्याचं अपंगत्व खरं आहे पण जो राबतो, हे दोघे एक नाहीत. पहिल्याला पकडायला डॉक्टर आणि यूडीआयडी कार्डाची तपासणी आहे. त्याच्यासाठी दुसऱ्याला शिक्षा कशाला? आणि सरकारची तिजोरी मर्यादित आहे हेही खरं. पण जो अर्धं कमावतो त्याला अर्धी मदत पुरते. आज आपण त्याला कमवू न देता पूर्ण मदत देतोय. तिजोरीला महाग काय पडतं ते तुम्हीच ठरवा.

मग मागायचं काय

रकमेसाठी आंदोलनं झाली, रक्कम वाढली. आता अटीबद्दल बोलायची वेळ आहे. माझ्या मते चार गोष्टी.

१) दिव्यांगाची पात्रता ठरवताना त्याचं स्वतःचं उत्पन्न बघा. बायकोची, सुनेची, भावाची मजुरी त्याच्या डोक्यावर मोजू नका.

२) मर्यादा मजुरीच्या दराला बांधा. दर वाढला की मर्यादा आपोआप वाढली पाहिजे. अमेरिकेचे पन्नास वर्षं गोठलेले आकडे आपल्याला नकोत.

३) मदत एकदम तोडू नका, उतरती ठेवा. ५०,००० च्या पुढे दर दोन रुपये कमाईमागे एक रुपया कापा. मग ५१,००० कमावणाऱ्याला वर्षाला २९,५०० मिळतील आणि हातात ८०,५०० पडतील. १,१०,००० कमाईला मदत आपोआप शून्य होईल. कोणाला लपवायची गरज नाही.

४) काम करून बघायला मुदत द्या, आणि काम सुटलं तर जुनीच फाईल उघडा. पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू, पुन्हा तालुका समितीची बैठक, या फेऱ्यात वर्ष जातं. त्या भीतीपोटीच लोक नोकरी घेत नाहीत.

३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. निराधारचे नियम सामाजिक न्याय विभागाकडे, नोकरी-कर्जाचं काम दिव्यांग विभागाकडे, अशी खाती वेगळी असली तरी माणूस एकच आहे. दोन्ही खात्यांनी एका टेबलावर बसून हे नियम जुळवले पाहिजेत. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न अधिवेशनात विचारायला त्याला पैसा लागत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून गेल्या वर्षी तो कुठे गेला ते विचारा. यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा, एसटीची सवलत घ्या, त्यांचा तुमच्या कमाईशी संबंध नाही. आणि पोरीबाळींना नोकरी मिळत असेल तर कोणाच्या ऐकीव बोलण्यावर नाही म्हणू नका. आधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत जाऊन स्वतःच्या फाईलवर कुठली मर्यादा लागू आहे ते लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

तुमच्या गावात कोणाचा पगार काम लागल्यामुळे बंद झाला असेल तर मला निरोप द्या. नाव छापणार नाही. पण वर्ष, रक्कम आणि कारण एवढं लिहून पाठवा. दहा-वीस नोंदी जमल्या की तहसीलदारांना आणि आमदारांना दोघांनाही एकत्र नेऊन देऊ.